ताईच्या हातचे नमुने

वर्कशॉपमध्ये सगळे तिला ताई म्हणत. तिच्यापेक्षा वयाने मोठे होते तेही. खरं तर ती एकाचीच ताई होती. मालकाची.

मालक म्हणजे धाकटा. घरात त्याचं हेच नाव पडलं होतं आणि डोक्यावरचे केस गेले तरी ते सुटलं नव्हतं. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा धाकटा शाळेत होता आणि ताई कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडिलांचं एक लेथ होतं, चार गिऱ्हाइकं होती आणि घरात खाणारी तोंडं होती. ताईने पुस्तकं माळ्यावर टाकली आणि वडिलांचा ॲप्रन अंगात घातला. तो तिला पार घोट्यापर्यंत यायचा. वडील खुर्चीत बसून अर्ध्या तोंडाने शिकवायचे. चुकलं की काठी आपटायचे. एकदा आठवडाभर काठी वाजली नाही. तिला वाटलं, बाबांची तब्येत बिघडली. मग कळलं, आपल्याला काम यायला लागलंय.

धाकट्याला तिने इंजिनियर केलं. पण आधी लेथवर उभं केलं. सुट्टीत तो तिच्या शेजारी उभा राहायचा. टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पाण्याने हात पांढरे पडायचे आणि तोंड वाकडं व्हायचं.

"तायडे, हे मला कशाला?"

"उद्या केबिनमध्ये बसशील. तिथून उंटावरून शेळ्या हाकशील. त्याआधी शेळी कशी असते ते बघून घे."

तो शिकला. चांगला शिकला. वर्कशॉप वाढवलं, काचेची केबिन बांधली. ताईसाठी तिथे एक खुर्चीही आणली. त्या खुर्चीत ताई कधी बसली नाही. शेवटी तिच्यावर हेल्मेटं ठेवायला लागले.

ताईचं काम टायटॅनियमचं. हा धातू आडदांड नाही, तऱ्हेवाईक आहे. स्टीलवर टूल चालवलं की उष्णता किसाबरोबर निघून जाते. टायटॅनियममध्ये ती टूलच्या टोकावरच बसून राहते. म्हणून वेग कमी ठेवायचा, कूलंट भरपूर सोडायचं, टूल धारदार घ्यायचं. आणि एकदा टूल जॉबला, म्हणजे कातायच्या तुकड्याला, टेकलं की मध्ये थांबायचं नाही. थांबलात की ती जागा कडक होते, पुढच्या फेरीला टूल तिथेच मोडतं. "पाहुण्यासारखं दारात घुटमळू नका," ती नव्या माणसांना सांगायची. "आत या, काम करा, बाहेर पडा."

तिचा मुख्य जॉब होता घोट्याचा जोड. कृत्रिम पायात नळी आणि पाऊल यांच्यामध्ये बसतो तो. वर वाटीसारखा, खाली बोटभर जाडीची मान, तळाला आटे. जाडजूड सळई घ्यायची, तिचा बहुतेक भाग कीस करून उडवायचा आणि उरलेल्यातून जोड काढायचा. तो एका बाईंकडे जायचा. त्या माणसांना पाय बसवून द्यायच्या. सगळे त्यांना पायवाल्या बाई म्हणत. बाई तोंडाच्या फटकळ होत्या. प्रत्येक पुरवठादाराचा माल भिंगाखाली घालायच्या. ताईचे जोड मात्र पेटीतून काढून थेट बसवायच्या.

मग प्रिंटर आला. फ्रिजएवढं कपाट, पुढे काच. आत टायटॅनियमची पिठासारखी भुकटी. लेझर त्या भुकटीवर रेघा मारतो, रेघ वितळते, घट्ट होते. त्यावर पुन्हा भुकटीचा थर, पुन्हा रेघा. थरावर थर चढत जोड आपोआप उभा राहतो. कीस नाही, कूलंट नाही, आवाज नाही. शिवाय आतून जाळी ठेवता येते, म्हणजे वजन निम्मं.

वर्कशॉपमध्ये घासू नावाचा एक फिटर होता. आयुष्यभर कानस घासत आला म्हणून घासू. तो कपाटापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली. ताई, आता आपली लेथं भंगारात."

"चांगलं असेल तर जाऊ देत की," ताई म्हणाली.

ती हे मनापासून म्हणाली. त्याच संध्याकाळी केबिनच्या दारात उभं राहून तिने धाकट्यालाही सांगितलं, "छापलेला जोड माझ्या जोडाइतका टिकला, तर माझ्या लेथचा स्विच मी माझ्या हाताने बंद करीन. पण टिकला पाहिजे. त्यावर माणूस उभा राहणार आहे."

"कबूल," धाकटा म्हणाला.

पायवाल्या बाईंनीही हीच अट घातली. "मला चित्रं दाखवू नका. तोडून दाखवा."

तोडायच्या दोन परीक्षा ठरल्या. एकीत त्या धातूच्या नमुन्याची दांडी दोन्ही टोकांनी ओढायची, तुटेपर्यंत. दुसरीत दांडी वाकवायची, सोडायची, वाकवायची, सोडायची, लाखो वेळा. पायाची खरी परीक्षा ही दुसरी. पायाला कोणी एकदा ओढत नाही. माणूस त्याच्यावर रोज चालतो.

सळईतून दांड्या ताईच काढणार होती. छापलेल्या दांड्याही धाकट्याने तिच्यापुढे आणून ठेवल्या. भट्टीतून भाजून काढलेल्या, राखाडी, बारीक पॉलिश पेपरसारख्या खरखरीत. मापापेक्षा जाड.

"अंगावर माल ठेवलाय," तो म्हणाला. "फिनिश करून दे. तुझ्या नेहमीच्या हाताने. या माझ्या आहेत म्हणून कमी करू नकोस."

शेवटचं वाक्य तिला लागलं आणि आवडलंही. नवऱ्याला तिने घरी सांगितलं. नवरा आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "म्हणजे तुझ्या गाडीची शर्यत दुसऱ्या गाडीशी, आणि दोन्ही गाड्यांचे ब्रेक तूच तपासणार? मेहुणे हुशार आहेत."

"त्याला माझ्यावर भरवसा आहे."

"तेच म्हणतोय."

छापलेली दांडी लेथच्या चकाच्या पकडीत धरली तेव्हाच तिला फरक कळला. सळईपेक्षा हा माल कडक. टूल कण्हत होतं. सळईचा कीस लांब गुंडाळ्यांनी येतो, याचा तुटक येत होता. टूलची धार लवकर जात होती. ती धार बदलत राहिली. वरची खरखरीत कातडी एकदा गेली की आतून मात्र स्वच्छ, चकचकीत धातू निघत होता. ती कातडी म्हणजे अर्धवट वितळलेले भुकटीचे दाणे, वर चिकटून राहिलेले.

घासू शेजारी येऊन उभा राहिला. आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, जरा हात ढिला सोडा. एखादा ओरखडा राहू द्या. कोणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळेल."

"ते वारले की हो."

"म्हणून काय झालं?" ताई म्हणाली. मग टूल मागे घेऊन त्याला नीट सांगितलं, "कापड फाडायचं असेल तर आधी कडेला काय करतात?"

"कात्रीने छोटी चीर देतात."

"बस. ओरखडा म्हणजे ती चीर. दांडी कितीही दणकट असू दे, वाकवत राहिलं की तिथूनच फाटणार. मी ओरखडा ठेवला तर परीक्षा धातूची राहणार नाही. माझ्या लबाडीची होईल."

घासूने कानस उचलली. "तुमच्यासारखी शहाणी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांच्या नोकऱ्या जातात," म्हणाला आणि हसला. तीही हसली.

घोट्याच्या जोडावरही असाच जादा माल ठेवून तो छापणार का, हे तिने धाकट्याला विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नमुन्यावर माल ठेवला म्हणजे जॉबवरही ठेवणार. नाहीतर त्याला नमुना कशाला म्हणायचं? तिच्या धंद्यात कोणीही असंच धरून चाललं असतं.

दांड्या तुटून आल्या. ओढायच्या परीक्षेत छापलेली दांडी सळईपेक्षा थोडी सरसच ठरली. तुटताना ताणली कमी गेली, एवढंच. वाकवायच्या परीक्षेत दोघी जवळजवळ बरोबरीत सुटल्या.

पायवाल्या बाई वर्कशॉपमध्ये आल्या. धाकट्याने केबिनमध्ये पडद्यावर आलेख लावला होता. बाईंनी तो उभ्या उभ्या पाहिला आणि बाहेर आल्या. सरळ लेथपाशी.

"ताई, मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. टिकेल?"

ताईने हात पुसले. नमुने तिने स्वतः केले होते. आतला धातू तिने पाहिला होता.

"टिकेल," ती म्हणाली.

"मग झालं." बाई गेल्या.

ताईने लेथचा स्विच बंद केला. बोलल्याप्रमाणे, स्वतःच्या हाताने. मशीन पुसून, तेल लावून ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी ते ट्रकवर चढवून घेऊन गेलं. धाकट्याने सगळ्यांसमोर तिच्या पाया पडायचं नाटक केलं. ती म्हणाली, "ऊठ रे, टक्कल दिसतंय." लोक हसले. तिला हरल्याचं दुःख होतं. पण ते स्वच्छ दुःख होतं. बरोबरीच्या माणसाकडून हरल्यासारखं.

"आता जरा घरी आराम कर," धाकटा म्हणाला. "मग तुझ्यासाठी काहीतरी बघतो."

आराम तिला जमला नाही. घरातल्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं. नवऱ्याच्या रेडिओचं पोट उघडून झालं. नवरा म्हणाला, "बाई, रेडिओ चालू होता. तू दुरुस्त केल्यापासून बंद आहे. जा कुठेतरी." म्हणून ती डबा घेऊन वर्कशॉपमध्ये गेली. नुसतीच. घासूशी गप्पा मारायला.

घासू आता छापलेल्या जोडांचं काम करत होता. जोड छापताना त्याला खालून टेकू लागतात. ते टेकू तोडायचे, त्यांचे खुंट कानशीने घासायचे, तळाला आटे पाडायचे आणि जोड पेटीत टाकायचा. पेटी बाईंकडे. ताईने बोलता बोलता एक जोड उचलला. अंगठा मानेवरून फिरवला. खरखरीत.

"हे फिनिशला कुठे जातात?"

"कुठे म्हणजे?"

"मान कोण कातणार? वाटी? बाहेर देतो का धाकटा?"

घासूने तिच्याकडे पाहिलं. "ताई, हे असेच जातात. पहिला लॉट गेलासुद्धा."

"तुझा मायक्रोमीटर दे."

तिने मान मोजली. पुन्हा मोजली. दुसरा जोड घेतला, तिसरा घेतला. मान बरोब्बर मापात होती. अंगावर केसाइतकाही जादा माल नव्हता. कातायला काही ठेवलंच नव्हतं. आता कातली तर मान बारीक होऊन जॉब वाया.

म्हणजे विसरला नव्हता. घाईत राहून गेलं, असंही नव्हतं. छापायच्या आधीच ठरलं होतं. नमुने जाड छापायचे, कारण ते ताईच्या हाताखालून जायचे होते. जोड मापात छापायचे, कारण ते तसेच जायचे होते.

तिने जोड खाली ठेवला. सरळ केबिनमध्ये धाकट्यापाशी गेली.

केबिनला काच होती. सगळ्यांना दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं.

"जोड मापात छापतोस," ती म्हणाली.

"मग? मापातच छापतात."

"नमुन्यांवर माल ठेवला होतास."

धाकट्याने हेल्मेटं उचलून खुर्ची मोकळी केली. "तायडे, बस."

"नाही बसत."

"परीक्षांच्या अहवालात एक शब्द खोटा दाखव. 'छापलेल्या, फिनिश केलेल्या दांड्या.' असंच लिहिलंय."

"आणि बाईंकडे काय गेलं?"

"हे बघ, प्रत्येक जोड पुन्हा लेथवर चढवायचा असेल तर प्रिंटर घेतला कशाला? आणि आतल्या जाळीपर्यंत तुझं टूल जाणार आहे का? ती खरखरीतच राहणार. मी हिशेब केलाय. माणसाच्या वजनाला पुरेसा आहे."

"हिशेब केलास. तोडून बघितलास?"

तो काचेतून बाहेर बघायला लागला.

"धाकट्या, खरखरीत दांड्या तोडून बघितल्यास?"

"बघितल्या."

"मग?"

"आधी तुटल्या."

"किती आधी?"

"बऱ्याच आधी. पण तरी हिशेबात बसतं, तायडे. कडेला बसतं, पण बसतं."

"कडेला." तिने तो शब्द त्याच्याकडून घेतला, तपासल्यासारखा. "त्या दांड्या बाईंना का नाही दाखवल्यास?"

"दाखवल्या असत्या तर त्या तुझ्याकडे आल्या असत्या विचारायला."

"आल्याच की."

"हो," धाकटा म्हणाला. "आल्याच."

तेव्हा तिला सगळं दिसलं. बाई तिलाच विचारणार हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. ती लबाडी करणार नाही, हेही ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाच्या हातून नमुने करून घेतले असते तर एखादा ओरखडा राहिला असता. म्हणून नमुने तिच्याकडे आले होते. लोक लबाड माणसाला हाताशी धरतात. याने सरळ माणसाला धरलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. केसाचं वजनही कळलं नव्हतं.

"परीक्षेला मला बसवलंस," ती म्हणाली. "आणि पास तुझ्या जोडाला केलंस."

ती डबा तिथेच विसरून बाहेर पडली.

पायवाल्या बाईंची खोली तळमजल्यावर होती. भिंतीला मोठा आरसा, समोर धरून चालायचे दोन समांतर दांडे, कोपऱ्यात प्लास्टरची पावलं एकावर एक रचलेली. दांड्यांच्या मधून एक माणूस चालत होता. घरं रंगवणारा रंगारी. मचाणावरून पडून पाय गेलेला. नव्या पायावर त्याची ऐट चालली होती.

"बाई, बघा, हात सोडून! शिडीवर कधी चढू?"

"आधी जमिनीवर तर चाला," बाई म्हणाल्या. मग त्यांना दारातली ताई दिसली. "या ताई! हे बघा, तुमचं नवं प्रिंटरचं कौतुक. हलकं फूल झालंय."

"त्यांना खाली बसवा," ताई म्हणाली.

"काय?"

"आधी बसवा. मग सांगते."

बाईंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि रंगाऱ्याला स्टुलावर बसवलं. तो म्हणत होता, "का हो? छान चाललंय की!" बाईंनी गुडघ्यावर बसून मोजा खाली केला, जोड मोकळा केला, हातात घेतला. अंगठा फिरवला. ताईने सांगितलं ते त्यांनी मध्ये न बोलता ऐकलं. सांगायला फार नव्हतंच.

"मी तुम्हाला विचारलं होतं," बाई म्हणाल्या.

"हो."

"अहवालाला नव्हतं विचारलं. तुम्हाला."

"हो."

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"जोड कसा जाणार, हे विचारायला हवं होतंत."

"हवं होतं."

ताईने भावाचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तरी काय? टिकेल हा शब्द तिचा होता.

रंगारी एकाच पायानिशी स्टुलावर बसून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. "मग मी आज चालायचं नाही?"

"आज नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलला आणि ज्यांना ज्यांना नवे जोड बसवले होते त्यांना बोलवायला सुरुवात केली. कोणाचा जोड अजून मोडला नव्हता. ताई ते सगळे फोन संपेपर्यंत थांबली. बाईंनी तिला बसा म्हटलं नाही.

संध्याकाळी धाकटा ताईच्या घरी आला. डबा घेऊन. नवऱ्याने दार उघडलं, डबा घेतला आणि रेडिओ उचलून आतल्या खोलीत गेला. तो रेडिओ अजून बंदच होता.

"बाईंनी पूर्ण लॉट परत पाठवलाय," धाकटा म्हणाला. "यापुढे प्रत्येक जोडावर माल ठेवून छापायचा, बाहेरून कातून द्यायचा. आणि जाळी बंद. नाहीतर ऑर्डर नाही."

"बरोबर आहे त्यांचं."

"लेथ घ्यावं लागेल पुन्हा."

"घे."

"मला उघडं पाडलंस तू."

हा मुलगा तिच्या ॲप्रनच्या खिशात हात घालून उभा राहायचा. आता त्याला खरंच वाटत होतं की फसवणूक त्याची झाली आहे.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुला आधी सांगितलं असतं, जोड तसेच जाणार आहेत, तर नमुने केले असतेस?"

"केले असते. आणि त्यांच्या शेजारी खरखरीत दांड्या ठेवल्या असत्या. दोन्ही."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो हे रागाने म्हणाला नाही. साध्या आवाजात म्हणाला, एखाद्या मशीनची अडचण सांगावी तसा. तिला वाटत होतं की रडू येईल. आलं नाही.

तो उठला. बूट घालता घालता म्हणाला, "उद्या येशील ना? छापलेल्या मालावर तुझ्याइतका हात दुसऱ्या कोणाचा बसलेला नाही."

"दुसरा माणूस शोध."

"तायडे, असं काय करतेस? आपलेच दात, आपलेच ओठ."

"ओठ माझा फाटलाय, धाकट्या."

तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं. एका बुटाची नाडी सुटली होती. लहानपणी ती वाकून बांधायची. आताही वाकावंसं वाटलं, आणि वाटलं याचाच तिला राग आला.

दार तिने लावलं नाही. जाताना त्यानेच ओढून घेतलं.